छोटं चर्च आणि कम्युनिटी सेंटर एकाच इमारतीत: डिझाइन कसं करायचं, पहिल्यापासून

छोट्या मंडळीकडे (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाकडे) जागा थोडी असते, पैसा त्याहून थोडा असतो, आणि तरीही एकाच इमारतीत रविवारची उपासना, मुलांचा अभ्यासवर्ग, ज्येष्ठांची बैठक, लग्न, रक्तदान शिबिर आणि मध्येच न सांगता आलेला अंत्यविधी हे सगळं बसवायचं असतं. यात दोन प्रकारे गडबड होते. एक तर साधा मल्टिपर्पज हॉल बांधतात आणि भिंतीवर क्रूस लावतात, मग तिथे प्रार्थनेला बसलं तरी मन लागत नाही कारण जागा भाड्याच्या हॉलसारखीच वाटत राहते. नाहीतर जड बाकांचं, उतरत्या जमिनीचं देखणं चर्च बांधतात आणि आठवड्यातले सहा दिवस ते कुलूपबंद राहतं.

माझं मत सरळ आहे. मोजक्या चार गोष्टी पक्क्या, कायमच्या आणि जड करा, बाकी झाडून सगळं हलतं ठेवा, आणि या दोन्हींच्या मध्ये एक चांगली मोठी लॉबी द्या. खाली जे काही लिहिलंय ते यावरूनच निघतं. आकडे साधारण १२० माणसांच्या चर्चसाठी दिलेत, तुमची संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त करा.

पायरी १: प्लॅन काढायच्या आधी आठवडा काढा

एक मोठा कागद घ्या, उभ्या रकान्यात वार आणि आडव्यात तास, आणि त्यावर पूर्ण आठवडा भरा. फक्त कार्यक्रमाचं नाव लिहून थांबू नका. किती माणसं, बसणार कशी (रांगेत, गोलात, टेबलाभोवती, जमिनीवर), आवाज करणार की शांतता लागणार, आणि आधीच्या कार्यक्रमानंतर जागा बदलायला किती वेळ हातात आहे हेही लिहा. या शेवटच्या रकान्यात अख्खं डिझाइन दडलेलं असतं. शनिवारी रात्री साडेनऊला नाटकाची तालीम संपते आणि रविवारी सकाळी आठला उपासना आहे, तर खुर्च्या कोण लावणार, कधी लावणार, टेबलं कुठे जाणार? याचं उत्तर "स्वयंसेवक बघतील" असं असेल तर समजा की पहिले काही महिने ते बघतील, मग ठराविक दोघातिघांवर सगळं पडेल आणि शेवटी टेबलं हॉलच्या कोपऱ्यातच पडून राहतील. म्हणून टार्गेट असं ठेवा की चार माणसांनी, त्यातलं कुणी साठीच्या पुढचं असलं तरी, अर्ध्या तासात हॉल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेला पाहिजे.

तक्त्यात अंत्यविधी लिहायला लोक विसरतात कारण त्याला वार नसतो. पण तो आला की त्या दिवशीचा वर्ग, मीटिंग, सगळं बाजूला करावं लागतं. तेव्हा कुठल्या कार्यक्रमाला कुणापुढे प्राधान्य हे मंडळीने आत्ताच लिहून ठेवलेलं बरं, आणि बाहेरच्या संस्थांना हॉल देणार असाल तर त्यांनाही ते आधीच सांगा.

पायरी २: तुमच्या पंथात काय चालतं ते आधी विचारा

हे आर्किटेक्टला सहसा कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही, मग प्लॅन मंजुरीला गेल्यावर सगळं परत फिरतं.

कॅथलिक चर्च असेल तर १९८३ च्या कॅनन लॉमधला (कॅथलिक चर्चच्या कायद्यातला) १२१० वा नियम सांगतो की पवित्र ठिकाणी उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक तेवढंच चालावं. जागेच्या पावित्र्याला बाधा न येणाऱ्या इतर वापराला बिशप त्या त्या प्रसंगापुरती परवानगी देऊ शकतात, पण दर मंगळवारी एरोबिक्सचा क्लास हे काही त्यात बसणारं नाही. म्हणजे इथे उपासनेचा हॉल वेगळा, समाजाचा हॉल वेगळा, आणि लॉबी, टॉयलेट, किचन, पार्किंग दोघांना सामाईक, हाच मार्ग बरा पडतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) वेदी भिंतीपासून सुटी, जिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करता येईल अशी मांडण्याची पद्धत आली, आणि ती शक्यतो कायमची, न हलणारी असावी अशीच अपेक्षा असते. ऑर्थोडॉक्स परंपरेत वेदीपुढे प्रतिमांची भिंत असते, तिथेही हॉल वेगळाच ठेवा.

बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकच हॉल दोन्ही कामांना वापरायला अडचण नसते. तरी तुमच्या मंडळीत प्रभूभोजनाचा मेज, बायबल ठेवायची जागा, बाप्तिस्म्याचं कुंड यातलं काय झाकायचं, काय हलवलेलं चालेल आणि कशाला हात लावायचा नाही हे पाळक (धर्मगुरू) आणि चर्चच्या वडीलमंडळींसोबत बसून ठरवा. पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देत असाल तर कुंडाचं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, पाण्याचं एक घनमीटर म्हणजे एक टन, आणि झाकण असं हवं की वरून माणूस चालला तरी ते दबणार नाही आणि लहान मूल ते उघडू शकणार नाही.

पायरी ३: जागेचा हिशोब

रांगेत खुर्च्या लावून बसायला, मधल्या वाटा धरून, माणशी ८ ते १० चौरस फूट लागतात. टेबलाभोवती बसायचं असेल तर १३ ते १५. म्हणजे १२० माणसांचा हॉल टेबलं लावल्यावर ८०-९० जणांचा होतो. हे कमिटीला आधीच सांगा, नाहीतर उद्घाटनानंतरच्या पहिल्याच मोठ्या कार्यक्रमाला वाद होणार.

माझा ढोबळ हिशोब असा. बसायला १२०० चौरस फूट, वेदीच्या चौथऱ्याला २५० ते ३००, म्हणजे हॉल साधारण ३६ बाय ४२ फूट. लॉबी ४५० ते ५००. स्टोअररूम १५० ते १८०. दोन छोट्या खोल्या प्रत्येकी २०० ते २५०. किचन १५०. एक छोटा प्रार्थनाकक्ष ८० ते १००. पाळकांची खोली, उपासनेची वस्त्रं आणि पात्रं ठेवायची खोली, टॉयलेटं वेगळी. भिंती आणि पॅसेज धरून सगळं मिळून साडेतीन हजार चौरस फुटांच्या आसपास जातं. बजेट कमी असेल तर एक छोटी खोली पुढच्या टप्प्यात टाका, हॉल दोन फुटांनी लहान करा, पण लॉबी आणि स्टोअररूम कापू नका. कमिटीचा हात सगळ्यात आधी यांच्यावरच पडतो, कारण कागदावर त्या फुकट गेलेल्या जागा दिसतात.

पायरी ४: लॉबी

खरं कम्युनिटी सेंटर हॉलमध्ये नसतं, ते लॉबीत असतं. उपासनेनंतर माणसं जिथे उभी राहून अर्धा तास बोलतात, नवीन आलेल्याला कुणीतरी नाव विचारतं, मुलांना न्यायला आलेले पालक एकमेकांना भेटतात, ती ही जागा.

अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं शिकागोजवळच्या ओक पार्कमधलं युनिटी टेंपल (१९०८) यासाठी जरूर बघा. एका बाजूला उपासनेचा चौकोनी हॉल, दुसऱ्या बाजूला समाजाच्या कामाची इमारत, आणि दोघांच्या मध्ये कमी उंचीचं सामाईक प्रवेशदालन, आत आलं की एकीकडे देवाचं काम आणि एकीकडे माणसांचं. शंभर वर्षं उलटून गेली तरी छोट्या चर्चसाठी याच्यापेक्षा साफ प्लॅन मला सापडलेला नाही. दोन्ही बाजूंना स्वतंत्र कुलूप लावता येतं, दोन कार्यक्रम एकाच वेळी चालतात, आणि टॉयलेटला जायला कुणाला कुणाच्या कार्यक्रमातून जावं लागत नाही.

लॉबीची उंची हॉलपेक्षा कमी ठेवा, नऊ-दहा फूट पुरे, म्हणजे दार उघडून आत गेल्यावर हॉल आहे त्याहून उंच वाटतो आणि आवाज आपोआप खाली येतो. लॉबी आणि हॉलमध्ये जमलं तर दोन दारांची छोटी जागा ठेवा, एक बंद झाल्यावर दुसरं उघडेल अशी. रस्त्याच्या बाजूला काच द्या. बाहेरून आत माणसं दिसली की अनोळखी माणूस आत यायला बिचकत नाही, आणि ज्याने आयुष्यात कधी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही त्याच्यासाठी याला फार महत्त्व आहे.

प्रार्थनाकक्षही लॉबीलाच लागून हवा. हॉलमध्ये काहीही चालू असो, कुणाला दहा मिनिटं शांत बसायचं असेल तर सात-आठ जणांची ही खोली दिवसभर उघडी असली पाहिजे. एकच हॉल दोन्ही कामांना वापरणार असाल तर ही खोली ऐच्छिक समजू नका, कारण ती नसेल तर हॉल बुक असलेल्या प्रत्येक दिवशी चर्चला चर्च म्हणून दारच उरत नाही.

पायरी ५: काय पक्कं, काय हलतं

पक्क्या गोष्टी चारच. वेदी किंवा मेज, क्रूस, बाप्तिस्म्याची जागा, आणि उजेड जिथून येतो ती भिंत. या चांगल्या मटेरियलच्या करा, दगड, भरीव लाकूड, नीट ओतलेलं काँक्रीट, जे हाताला लागेल आणि वीस वर्षांनी अजून चांगलं दिसेल. बजेटमधला सजावटीचा पैसा सगळा इथेच घाला. वेदी भलीमोठी नको, छोट्या हॉलमध्ये चार-साडेचार फूट लांबीची पुरते, पण तिच्या चारही बाजूंनी निदान साडेतीन-चार फूट मोकळे हवेत.

चौथरा किती उंच घ्यायचा? १२० माणसांना एक किंवा दोन पायऱ्या, म्हणजे ६ ते १२ इंच, भरपूर झाले. उंची वाढली की रॅम्प वाढतो हे लक्षात ठेवा. १ ला १२ च्या उताराने १२ इंच चढायला १२ फूट रॅम्प लागतो आणि तो छोट्या हॉलमध्ये एक अख्खी बाजू खातो, ६ इंचाला मात्र ६ फुटांत काम होतं. व्हीलचेअरवरचा माणूस वाचन करायला किंवा गायला वर जाऊ शकलाच पाहिजे, त्याला खाली माईक नेऊन देणं हे काही उत्तर नाही.

बाकी हॉलची जमीन एकदम सपाट. आर्किटेक्ट तादाओ आंदोचं जपानमधलं चर्च ऑफ द लाइट (१९८९) सगळे दाखवतात, भिंतीत कापलेला क्रूस आणि त्यातून येणारा उजेड, आणि ते खरंच थक्क करणारं आहे. पण तिथली जमीन वेदीकडे टप्प्याटप्प्याने उतरत जाते, तो हॉल फक्त उपासनेचाच आहे. पुढे १९९९ मध्ये संडे स्कूलसाठी शेजारी वेगळी इमारत बांधली. तुमच्याकडे दुसऱ्या इमारतीचा पैसा नसेल तर आंदोकडून उजेड घ्या, उतार घेऊ नका.

वेदी आणि चौथरा इतर कार्यक्रमांच्या वेळी झाकायचा की उघडा ठेवायचा यावर प्रत्येक मंडळीत चर्चा होते. जाड पडदा स्वस्त पडतो पण मागे काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. मला लाकडी पट्ट्यांची सरकती जाळी आवडते, बंद केली तरी क्रूसाची आकृती हलकी दिसत राहते, आणि मुलं चौथऱ्यावर चढत नाहीत.

पायरी ६: खुर्च्या आणि स्टोअररूम, यावर जरा जास्तच बोलणार आहे

बाक की खुर्च्या? दोन्ही कामांना एकच हॉल असेल तर खुर्च्याच. जुने बाक मंडळीला जिवापाड प्रिय असतील तर दोन-चार लॉबीत आणि प्रार्थनाकक्षात ठेवा, ते तिथे शोभतात आणि वापरलेही जातात. खुर्ची निवडताना चार गोष्टी हातात घेऊन बघा. वजन साडेचार-पाच किलोच्या वर नको. एकावर एक आठ-दहा रचता आल्या पाहिजेत. शेजारच्या खुर्चीला अडकवायची क्लिप हवी, म्हणजे रांग सरळ राहते आणि गर्दीत धावपळ झाली तर खुर्च्या वाटेत आडव्या पडत नाहीत. आणि बसायला व पाठीला कापडी गादी असावी, ती फक्त आरामासाठी नाही, आवाजासाठी आहे, ते पुढे येतंच.

आता हिशोब. १२० खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीत म्हणजे १२ थप्प्या, प्रत्येकीला ट्रॉलीसह ५-६ चौरस फूट, झाले सत्तर. पंधरा फोल्डिंग टेबलं दोन ट्रॉल्यांवर, चाळीस. वर माईकचे स्टँड, मुलांचं साहित्य, नाताळची सजावट, आणि ट्रॉली वळवायला मोकळी जागा. सहज १५०-१८० चौरस फूट होतात, म्हणजे हॉलच्या दहा ते बारा टक्के.

स्टोअररूमचं दार थेट हॉलमध्येच उघडलं पाहिजे, पॅसेजमधून वळसा नको. सहा फुटी जोडदार. उंबरठा अजिबात नको. भरलेल्या ट्रॉलीचं चाक अर्ध्या इंचाच्या पट्टीलासुद्धा अडतं, मग माणूस ट्रॉली मागे झुकवतो, वरच्या दोन खुर्च्या सरकतात, चौकटीचा कोपरा तुटतो, आणि तिसऱ्या वेळेनंतर तो ट्रॉली आत न्यायचा नादच सोडतो. फरशी हॉल आणि स्टोअरमध्ये सलग टाका, चौकटीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत धातूची पट्टी लावा, आणि आतल्या भिंतींना ट्रॉलीच्या उंचीवर लाकडी धक्कापट्टी. जमिनीवर प्रत्येक ट्रॉलीची जागा रंगाने आखून टाका, नवीन माणसालाही विचारावं लागत नाही.

समाजाच्या वस्तू आणि उपासनेच्या वस्तू एकाच खोलीत ठेवू नका. पात्रं, वस्त्रं, बायबल यांची खोली वेदीच्या बाजूला, वेगळ्या कुलपाची, आत एक सिंक.

पायरी ७: हॉल दुभागायचा का?

आर्किटेक्ट अल्वार आल्टोचं फिनलंडमधल्या इमात्रा गावचं थ्री क्रॉसेस चर्च (१९५८) या विषयातलं सगळ्यात धाडसी काम आहे. एक चर्च, सरकत्या जाड भिंतींनी तीन हॉलमध्ये विभागणारं, उपासना एका भागात आणि समाजाचे कार्यक्रम उरलेल्यात, आणि सणाला सगळं एक. छताचा आकारही या तीन भागांनुसार वाकवलाय, त्यामुळे भाग बंद केला तरी तो अर्धवट कापलेला वाटत नाही. यातून घ्यायचं ते हेच, की विभागलेला प्रत्येक भाग स्वतः पूर्ण खोली वाटला पाहिजे, त्याला त्याचा उजेड, त्याचं दार, त्याचा पंखा हवा.

पण छोट्या चर्चला फोल्डिंग पार्टिशनचा मोह शक्यतो टाळावा असं मला वाटतं. ३६ फूट रुंद आणि १० फूट उंच साउंडप्रूफ पार्टिशन दीड टनाच्या आसपास जातं आणि ते सगळं वजन वरच्या बीमवर टांगलेलं असतं, उघडून एका टोकाला गोळा केलं की तेवढं वजन एकाच जागी येतं. बीम थोडा जरी वाकला तरी खालचं सील जमिनीला नीट टेकत नाही आणि आवाज तिथून जातो. लावायचंच असेल तर किमान एस.टी.सी. (आवाज किती अडवतं त्याचं माप) ५० चं घ्या, साइटवर तो आकडा कमीच भरतो हे धरून चाला, आणि फॉल्स सीलिंगच्या वर, पार्टिशनच्या रेषेत, स्लॅबपर्यंत भिंत चढवायलाच लावा. ही वरची भिंत बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि महागडं पार्टिशन लावूनही शेजारची प्रार्थना शब्द न् शब्द ऐकू येते. त्याच पैशात दोन पक्क्या भिंतींच्या छोट्या खोल्या होतात, आणि बहुतेक वेळा गरजही तेवढीच असते.

पायरी ८: आवाज

बोलण्याला आवाज लवकर विरलेला हवा, गाण्याला थोडा रेंगाळलेला. बोलण्यासाठी १ सेकंदाच्या आसपासचा रिव्हर्ब टाइम (आवाज विरायला लागणारा वेळ) चांगला, सामुदायिक गायनाला दीड ते दोन सेकंद. दोन्ही कामांच्या छोट्या हॉलला मी १.१ ते १.३ सेकंद धरतो.

हा वेळ सेकंदांत काढायचं सेबाइनचं सूत्र सोपं आहे, घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र (चौरस मीटरमध्ये). आपला हॉल ३६ बाय ४२ बाय १६ फूट, घनफळ साधारण ६८५ घनमीटर. सगळीकडे प्लास्टर, फरशी, काच असेल तर शोषण जेमतेम २० भरतं, आणि आवाज पाच सेकंदांहून जास्त घुमतो. अशा हॉलमध्ये कितीही महाग स्पीकर लावा, प्रवचन कळणार नाही. आता छताच्या साधारण ४३ टक्के भागाला, म्हणजे ६५० चौरस फुटांना, चांगले शोषक पॅनेल लावले तर शोषणात ४८ ची भर पडते. माणूस स्वतः साधारण ०.४५ शोषतो. ६० माणसं असतील तर वेळ १.१५ सेकंद, १२० असतील तर ०.९, रिकाम्या हॉलला १.६. हा वरखाली होणारा आकडा आटोक्यात ठेवायला कापडी खुर्च्या कामी येतात, रिकामी कापडी खुर्चीही बऱ्यापैकी आवाज खाते, त्यामुळे वीस माणसांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही आवाज फार फुटत नाही.

पॅनेल सगळे छताच्या मध्यभागी नकोत, बोलणाऱ्याच्या डोक्यावरचा भाग कडक ठेवा म्हणजे आवाज लोकांकडे फेकला जातो. शोषक लावायचे ते मागच्या भिंतीला आणि छताच्या कडांना. समोरासमोरच्या दोन मोठ्या सपाट भिंती असतील तर टाळी वाजवल्यावर फडफडल्यासारखा एको येतो, एका भिंतीला पुस्तकांची कपाटं, लाकडी पट्ट्या किंवा पाच-सहा अंशांचा तिरपेपणा दिला की तो जातो. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप (श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारी तार) जमिनीत फरशी टाकायच्या आधीच घाला, नंतर त्रास होतो.

पायरी ९: उजेड, हवा, वायरिंग

वेदीच्या मागे मोठी खिडकी देऊ नका. बोलणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो आणि अर्ध्या तासात समोरच्यांचे डोळे दुखतात, त्यात पूर्वेला तोंड असेल तर सकाळच्या उपासनेला ऊन थेट डोळ्यात. उजेड बाजूने किंवा वरून आणा, खिडकी स्वतः दिसणार नाही पण तिने उजळलेली वेदीमागची भिंत दिसेल असा. मंडळी भागात खिडक्या डोळ्यांच्या वर ठेवल्या तर उपासनेत लक्ष जात नाही, पण वर्गांना आणि बैठकांना बाहेर बघायला आवडतं, म्हणून एका बाजूला खालपर्यंत काच आणि तिला पडदा किंवा शटर.

दिव्यांचे तीन-चार ठरलेले सेटिंग एका बटणावर द्या. प्रार्थनेला १५० लक्स (उजेडाचं माप), गीतपुस्तक वाचायला ३००, वर्गाला आणि हातकामाला ५००. दिवे ३००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचे उबदार. स्विच लॉबीच्या दाराशी हवेत, चौथऱ्यामागच्या अंधारात नकोत.

हवेसाठी माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरा, १२० जणांना तासाला साडेतीन हजार घनमीटरच्या जवळ. हे खिडक्यांनी साधत असेल तर उत्तम, समोरासमोर खिडक्या आणि वरती गरम हवा निघायला झरोके. मशीन लावत असाल तर डक्ट मोठे आणि हवेचा वेग कमी, कारण शांत प्रार्थनेत पंख्याची घरघर सगळ्यात आधी ऐकू येते.

पायरी १०: दोरी आणि चुना घेऊन जागेवर जा

हे कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही. प्लॅन पक्का करायच्या आधी मोकळ्या जमिनीवर हॉल, लॉबी आणि दारं खऱ्या मापाने आखा. खऱ्या खुर्च्या आणून तीन रांगा लावा, मधून व्हीलचेअर फिरवून बघा, तिला जागच्या जागी वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं.

मग शवपेटी. साडेसहा-सात फूट लांबीचं एक टेबल घ्या, सहा जणांनी दोन्ही बाजूंनी खांद्यावर किंवा हातात धरा, आणि रस्त्यापासून लॉबीतून वेदीपर्यंत चालत जा. मधली वाट साडेपाच-सहा फूट नसेल तर बाजूची माणसं खुर्च्यांना धडकतात. लॉबीत काटकोनात वळण असेल तर तिथे पेटी तिरकी करावी लागते, आणि शोकात असलेल्या घरच्यांसमोर तसं होणं फार वाईट दिसतं. म्हणून बाहेरचं दार, लॉबीचं दार आणि वेदी एका सरळ रेषेत ठेवायचा हट्ट धरा. याच रेषेवरून नवरीही येणार आहे, आणि पहिल्यांदा चर्चमध्ये आलेला माणूसही.

याच आखणीवर बाहेर पडायचे रस्ते तपासा. हॉलला निदान दोन दारं, एकमेकांपासून लांब, बाहेर उघडणारी, ढकलल्यावर उघडतील अशा आडव्या दांड्यांची. नेमकी संख्या आणि रुंदी स्थानिक अग्निशमन नियमांप्रमाणे, आणि अर्ज करताना वापर "उपासना" आणि "सभागृह" असा दोन्ही लिहा, कारण दोन्हींचे नियम वेगळे असू शकतात आणि नंतर वापर बदलायचा अर्ज फार वेळ खातो.

किचनबद्दल एवढंच की हॉलकडे वाढायची खिडकी द्या पण तिला जाड, सीलवालं शटर लावा, आणि दार लॉबीकडेही उघडू द्या. टॉयलेट लॉबीतून, महिलांसाठी जास्त, एक तरी व्हीलचेअरचं, बाळाचे कपडे बदलायची जागा पुरुषांकडेही. एक छोटी खोली हॉलला लागून, मध्ये डबल काच आणि आत स्पीकर, म्हणजे रडणारं बाळ घेऊन आईबापांना बाहेर ताटकळावं लागत नाही, एरवी तीच खोली मीटिंगला.

पायरी ११: सगळं एकदम संपवू नका

पैसे टप्प्याने येणार असतील तर पहिल्या टप्प्यात हॉल, लॉबी, स्टोअर, टॉयलेट, आणि पुढच्या खोल्यांचा पाया व पाइप. किचनचं फर्निचर, जाळी, कायमचं रंगकाम मागे राहिलं तरी चालतं. भिंतीत आणि जमिनीत रिकामे पाइप सोडून ठेवा, पुढे कॅमेरा, प्रोजेक्टर, काहीही आलं तरी फोडाफोड नाही.

आवाजाचे पॅनेलही दोन हप्त्यांत घ्या. छताचे आधीच, भिंतीचे मात्र हॉल महिना-दोन महिने वापरल्यावर. त्या काळात कुणीतरी वेगवेगळ्या कार्यक्रमांना मागच्या रांगेत, कोपऱ्यात, खिडकीजवळ बसून बोललेलं कळतंय का हे वहीत लिहायचं, ज्येष्ठांना आवर्जून विचारायचं, आणि ती वही घेऊन आर्किटेक्टसोबत हॉलमध्ये बसायचं. कुठल्या भिंतीला किती पॅनेल लागतील ते तिथेच ठरतं, आणि खुर्च्या हलवताना स्टोअरच्या दाराशी काय अडतंय तेही त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, ठेकेदाराची हमी संपायच्या आत.